पोळी कोणाची, टाळी कोणाची?

‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आपण सर्वांनीच लहानपणापासून ऐकलेली आहे. बहुधा ती लाचार माणसाची थट्टा करण्यासाठी वापरली जाते. पुढाऱ्याच्या मागे फिरणाऱ्याला, सावकाराची तळी उचलणाऱ्याला लोक ती ऐकवतात. माझ्या बाबतीत मात्र ती अक्षरशः खरी ठरली आहे. पाचवीपासून दहावीपर्यंत सहा वर्षे मी रोज संध्याकाळी टाळ वाजवला आणि मग पोळी खाल्ली. त्याची मला कधी लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. परंतु ती पोळी नेमकी कोणाची होती, हा प्रश्न मला यंदा पडला, आणि तोही राज्यशास्त्राच्या तासाला.

यंदा आम्हाला भारतीय राज्यघटनेतील मूलभूत हक्क अभ्यासाला आहेत. सरांनी धर्मस्वातंत्र्याची २५ ते २८ ही कलमे फळ्यावर मांडली. २७वे कलम सांगते की, ज्याचे उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खास राखून ठेवले आहे, असा कर देण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही. २८वे कलम सांगते की, जी शिक्षणसंस्था पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालते तिथे धार्मिक शिक्षण देता येणार नाही. (एखाद्या धर्मदाय देणगीतून स्थापन झालेल्या आणि धार्मिक शिक्षणाची अट असलेल्या संस्थेचे प्रशासन शासनाकडे असेल, तर तिला यातून सूट आहे.) आणि याच कलमाचा तिसरा भाग असा की, ज्या संस्थेला शासनाची मान्यता किंवा शासकीय निधीतून साहाय्य आहे, तिथल्या कोणाही विद्यार्थ्याला तिथे किंवा तिला जोडलेल्या आवारात चालणाऱ्या धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला हजर राहण्यास भाग पाडता येणार नाही. त्याने स्वतः, आणि तो अज्ञान असेल तर त्याच्या पालकाने, संमती दिली असेल तर गोष्ट वेगळी.

कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’ म्हणजे वयाने लहान. सरांनी तो शब्द समजावून सांगितला तेव्हा वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. आमच्या घरात कायद्याने अज्ञान मी होतो आणि सज्ञान माझे वडील; पण अक्षर वाचता येत होते ते मला, त्यांना नव्हे.

माझे आईवडील ऊसतोडीला जातात. आमच्या भागात त्यात नवल काही नाही. दसरा झाला की मुकादमाची उचल अंगावर घेऊन टोळी निघते, ती कारखान्याचा पट्टा पडल्यावरच गावाकडे परतते. मधले पाच-सहा महिने गावातल्या निम्म्या घरांना कुलूप असते. मुलांना बरोबर न्यावे तर शाळा बुडते. मागे ठेवावे तर भाकरी कोण करून घालणार? माझी आजी होती तोवर प्रश्न नव्हता. ती गेली त्या वर्षी वडिलांनी मला तालुक्याच्या गावी नेले. तिथे एका मठाच्या संस्थेची शाळा होती आणि त्याच आवारात वसतिगृह. शाळा अनुदानित, वसतिगृहही अनुदानित.

अधीक्षकांनी चार-पाच कागद पुढे केले. वडिलांनी प्रत्येकावर अंगठा उठवला. त्यातल्या एका कागदावर, आमचा पाल्य वसतिगृहाचे सर्व नियम पाळील व दैनंदिन उपासनेस हजर राहील, अशा अर्थाचा मजकूर होता. मी अक्षर लावून लावून वाचत होतो. म्हणालो, “आण्णा, ह्याच्यात पूजेला बसायचं बी लिवलंय.” वडील म्हणाले, “दोन टायमाला भाकर भेटती ना? मंग बसायचं की. त्यानं काय अंगाला भोकं पडतेत?” अधीक्षकही हसले. कोणाच्याच मनात पाप नव्हते. घटनेच्या २८व्या कलमाला हवी असलेली पालकाची संमती अशी निळ्या शाईच्या एका ठशाने पुरी झाली.

त्या वसतिगृहाने मला काय दिले हे आधी सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे सगळे कृतघ्नपणाचे वाटेल. तिथे मला झोपायला पक्की खोली मिळाली, दिव्याखाली अभ्यास करायची सवय लागली, आणि आजारी पडलो तेव्हा अधीक्षक स्वतः दवाखान्यात बसून राहिले. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. ती पायरी त्या आवारातूनच वर आली आहे. संध्याकाळी साडेसहाला घंटा होई. सगळे सभामंडपात जमत. हरिपाठ होई, आरती होई, आणि तिथून रांग थेट भोजनगृहात जाई. मला अभंगांची गोडी लागली ती तिथेच. आज मराठी विषयाच्या तासाला संतवाङ्मय शिकताना मला जे सहज उमगते, त्याचे श्रेय त्या संध्याकाळींना आहे.

आता पैशाचे. आमच्या जेवणासाठी शासनाकडून दरमहा मुलामागे परिपोषण अनुदान ठरलेले होते. अधीक्षकांचे आणि स्वयंपाकघरातल्या माणसांचे मानधनही सरकारी अनुदानातून येई. पण हे अनुदान कधी वेळेवर येत नसे. ते येईपर्यंत वाण्याची उधारी संस्था सांभाळी. इमारत मठाची, विहीर मठाची. एकादशीला आणि सप्ताहाला भाविक धान्याची पोती आणून टाकीत. हिशेबाच्या वहीत सरकारी पैसा एका पानावर आणि देणगी दुसऱ्या पानावर असेल. परातीत मात्र दोन्हींचे पीठ एकत्रच मळले जाई. तपासणीला साहेब येत तेव्हा ते हजेरीपट मोजत, ताटे मोजत, गाद्या मोजत, वरण चाखून बघत. माझ्या सहा वर्षांत त्यांपैकी कोणी, “संध्याकाळच्या उपासनेला बसले नाही तर चालते का रे?” असे एकाही मुलाला माझ्या देखत विचारले नाही.

माझ्या खोलीत एक मुसलमान मुलगा होता. त्याचे आईवडीलही आमच्याच टोळीबरोबर जात. हरिपाठाला तो आधी शेवटच्या रांगेत बसे. पुढे त्याला टाळ इतका जमला की सप्ताहाला आलेले कीर्तनकार त्याला मुद्दाम पुढे बसवीत. “मुसलमानाचं लेकरू, पण ठेका बघा!” असे त्याचे कौतुक होई. कौतुक करणारी माणसे चांगली होती. रमजानात स्वयंपाकीण मावशी त्याचे ताट झाकून ठेवीत, आणि पहाटे हाक मारून उठवीत. त्याला कोणी धर्म सोड म्हटले नाही, कोणी टोमणा मारला नाही. एका रात्री दिवे मालवल्यावर मी सहज विचारले, “तुला हरिपाठ आवडतो का रे?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “टाळ आवडतो.” आणि कूस वळवताना म्हणाला, “नसता आवडला तर कुठं जायचं होतं? घराला कुलूप हाय.”

तेव्हा मला त्या वाक्यात विशेष काही वाटले नव्हते, कारण कुलूप माझ्याही घराला होते. २८वे कलम वाचताना ते वाक्य आठवले, आणि ‘संमती’ या शब्दाचा अर्थ मी नव्याने शोधू लागलो. ज्याला ‘नाही’ म्हणायची सोय आहे त्याच्याच ‘हो’ला संमती म्हणता येईल. ज्याच्या घराला कुलूप आहे त्याचा ‘हो’ म्हणजे नुसता नाइलाज. मग तो कितीही हसतमुखाने दिलेला असो.

यावर आमच्या वर्गात दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, सरळ उपाय आहे: धार्मिक संस्थांचे सरकारी अनुदानच बंद करा. हे बोलणे तोंडावर टाकायला सोपे आहे. पण आपल्याकडच्या शिक्षणाचा इतिहास पाहिला तर ते इतके सोपे नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत सुचवली, आणि तिचा लाभ मिशनऱ्यांच्या शाळांनाही झाला. शाळेत ऐहिक विषय नीट शिकवले जातात की नाही एवढे तपासणी अधिकाऱ्याने पाहावे, धर्मशिक्षणाकडे लक्ष देऊ नये, असे त्याचे धोरण होते. महात्मा फुले स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी बोट ठेवले ते पैशाच्या उगमावर: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. हा महसूल कोणाचा, हे विचारायला मी त्यांच्याकडून शिकलो.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी काय केले? १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. दरबाराने त्यांना जागा दिल्या, मदत दिली. धर्मावर आणि जातीवर आधारलेल्या संस्थांना राज्याच्या पैशाची मदत होती ती! पण त्यावाचून खेड्यातला मुलगा कोल्हापुरात राहिलाच नसता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढे १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसवणारे वसतिगृह काढले. तो मार्ग अधिक चांगला, यात मला शंका नाही. पण प्रत्येक तालुक्याला भाऊराव मिळत नाहीत. जिथे ते पोहोचले नाहीत तिथे कुठे मठ पोहोचला, कुठे मिशन पोहोचले, कुठे मदरसा, कुठे गुरुद्वारा. अनुदान बंद करा म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी एवढेच विचारले, की मग त्या वर्षीच्या दसऱ्यानंतर मी कुठे जेवायला गेलो असतो?

दुसरा पक्ष म्हणाला, मग तक्रार कशाची? संस्था पोट भरते, संस्कार करते, शासनाचे काम हलके करते. थोडे टाळ वाजवले तर बिघडले कुठे? हे बोलणेही मला पटेना. त्याचे कारण सांगायला मला अमेरिकेत जावे लागेल. धर्म आणि राज्य यांच्यामध्ये भिंत असावी, हा शब्दप्रयोग तिकडचा. सरांनी मला त्यावर टिपण काढायला लावले होते.

१७८४ साली व्हर्जिनिया राज्यात ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या पगारासाठी कर बसवण्याचे विधेयक आले. कोणत्या पंथाला आपला पैसा जावा हे करदात्याने सांगायचे, अशी त्यात उदार वाटणारी सोयही होती. तरी जेम्स मॅडिसन यांनी १७८५ साली त्याविरुद्ध निवेदन लिहिले. रक्कम तीन पेन्स का असेना, धर्मासाठी सक्ती ती सक्तीच, असा त्यांचा मुद्दा होता. विधेयक बारगळले, आणि १७८६ साली जेफरसन यांचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा त्या राज्याने मंजूर केला. १८०२ साली अध्यक्ष असताना जेफरसन यांनी डॅनबरी गावच्या बाप्टिस्ट मंडळींना लिहिलेल्या पत्रात ती प्रसिद्ध भिंत आली.

पण भिंत उभी राहिली म्हणून प्रश्न मिटला नाही. १९४७ साली न्यू जर्सीतल्या खटल्यात, कॅथलिक शाळेत जाणाऱ्या मुलांचे बसभाडे सरकारी पैशातून द्यावे की नाही यावर न्यायमूर्ती पाच विरुद्ध चार असे विभागले, आणि भाडे द्यायला हरकत नाही असा निकाल झाला. १९९६ च्या तिथल्या कल्याणकारी योजनांच्या कायद्याने धार्मिक संस्थांना सरकारी कामे घेण्याची मुभा दिली. भिंतीवरचा क्रूस उतरवण्याची त्यांना गरज नाही असे म्हटले, पण सरळ मिळालेला सरकारी पैसा उपासनेवर खर्च करता येणार नाही असेही बजावले. २००१ साली अध्यक्ष बुश यांनी अशा संस्थांसाठी व्हाइट हाउसमध्ये स्वतंत्र कचेरीच उघडली. २०२२ साली मेन राज्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, राज्य खाजगी शाळांची फी भरणार असेल तर केवळ धार्मिक म्हणून एखादी शाळा वगळता येणार नाही. म्हणजे दोनशे-सव्वादोनशे वर्षांत भिंतीला बरीच दारे पडली आहेत.

या सगळ्या वादात मला एक गोष्ट दिसली. बहुतेक भांडण पैसे देणाऱ्याच्या सदसद्विवेकाचे आहे: माझा कर दुसऱ्याच्या धर्माला का जावा? आपल्याकडेही तसेच. हज यात्रेच्या अनुदानावर खटला झाला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ते २७व्या कलमाविरुद्ध जात नाही म्हटले, २०१२ साली ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले, आणि २०१८ साली ते बंद झाले. दुसरीकडे घटनेच्याच २९०-अ कलमात केरळच्या तिजोरीतून त्रावणकोर देवस्वम निधीला दरसाल ४६ लाख ५० हजार रुपये देण्याची तरतूद आहे. अशा गोष्टींवर वर्तमानपत्रांत रकाने भरतात. खाणाऱ्याच्या सदसद्विवेकाविषयी मात्र फार थोडे बोलले जाते. त्या १९९६ च्या अमेरिकन कायद्यातला मला सर्वांत मोलाचा वाटला तो भाग हाच: एखाद्या गरजूला संस्थेचे धार्मिक स्वरूप नको असेल, तर वाजवी मुदतीत शासनाने त्याची दुसरीकडे सोय करायची, आणि उपासनेत भाग घेतला नाही म्हणून त्याला मदत नाकारायची नाही. आपल्या २८व्या कलमातल्या ‘संमती’ला जे दुसरे दार हवे होते, ते मला तिथे दिसले.

आता मूळ प्रश्नाकडे. पोळी कोणाची? संस्था म्हणेल, आमची; आम्ही रांधली, उधारी आम्ही सोसली. शासन म्हणेल, आमची, अनुदान आमचे. मला वाटते, दोघांचेही म्हणणे अपुरे आहे. शासनाचा पैसा म्हणजे कोणाचा? माझी आई कारखान्याच्या तळावर साबणाची वडी घेते, प्लॅस्टिकची चप्पल घेते, तेव्हा त्या किमतीत कर भरते. माझ्या सोबत्याची आईही भरते. करावर धर्म लिहिलेला नसतो. त्या दोघींनी भरलेल्या करातून आलेले पीठ त्यांच्याच मुलांच्या ताटात पडत होते. मग त्यासाठी टाळी कोणाची वाजवायची? ज्याने प्रेमाने रांधून वाढले त्याचे आभार मानावेत, जरूर मानावेत. पण आभार ही मनाची गोष्ट आहे, ती वेळापत्रकात बसवता येत नाही. १९४८ साली घटना समितीत या कलमावर चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सरकारी शाळांत धर्मशिक्षण का नको याची जी कारणे दिली, त्यांत हे करांच्या पैशाचे कारण होतेच. अनुदानित संस्थांना मात्र त्यांनी आणि समितीने धर्मशिक्षणाची वाट खुली ठेवली, ती संमतीच्या अटीवर. ती अट हाच सगळ्या व्यवस्थेचा प्राण आहे.

म्हणून माझे म्हणणे अनुदान तोडण्याचे नाही, आणि हरिपाठ बंद करण्याचेही नाही. माझ्या मागण्या लहान आहेत. पहिली, संमतीचा कागद वेगळा असावा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला तो त्याच्या बोलीत वाचून दाखवावा. ‘नाही’ म्हटले तरी प्रवेश मिळेल हे वाक्य त्यात असावे. दुसरी, उपासना जेवणाआधी नको, जेवणानंतर असावी. हा फरक किरकोळ वाटेल. पण जेवणाच्या आधी असते तेव्हा ती जेवणाची किंमत होते. जेवणानंतर ज्याला बसावेसे वाटेल तोच बसेल, आणि त्याच्या टाळ्यांत खरी भक्ती असेल. मला खात्री आहे, मी बसलोच असतो. माझा सोबतीही कदाचित टाळासाठी बसला असता. पण मग ते कौतुक त्याचे स्वतःचे झाले असते. तिसरी, तपासणीच्या तक्त्यात गाद्या आणि ताटांबरोबर हा एक प्रश्न वाढवावा, आणि तो अधीक्षकांना न विचारता मुलांना विचारावा. चौथी, दुसरे दार. २०२१ साली शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आणली. अशी वसतिगृहे गरजेच्या प्रत्येक ठिकाणी उभी राहतील तेव्हा धार्मिक संस्थेत जाणारा मुलगा तिथे निवडीने जाईल.

गावी हे बोललो तेव्हा एक चुलते म्हणाले, “खाल्ल्या मिठाला जागावं, बाबा. शिकलास म्हणून अन्नदात्यालाच सवाल करतुस?” त्यांचा राग मला समजतो. पण मीठ कोणी दिले याचा हिशेब मांडणे म्हणजे मिठाला न जागणे नव्हे. मला शिकवून त्या वसतिगृहाने वाचायला लावले. वाचता आले म्हणून मी घटना वाचली. ती वाचून हे लिहितो आहे. तेव्हा हे लिहिणेही त्याच अन्नाचे आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी अधीक्षकांना भेटून हे सगळे सांगितले. जेवणाची आणि उपासनेची वेळ बदलणे आपल्या हातात नाही, विश्वस्तांपुढे बोलून बघतो, असे ते म्हणाले. कागदाच्या बाबतीत मात्र त्यांनी लगेच मान डोलावली. “तू म्हणतोस ते खरं आहे. गर्दीत आम्हाला वाचून दाखवायला सवड होत नाही. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की ये. पण दिवसभर बसावं लागेल, चाळीस-पन्नास पालक असतात.” मी येतो म्हणालो आहे. परीक्षा संपल्यावर मला कामही विशेष नाही. जूनमध्ये त्या टेबलाच्या कडेला बसून मी प्रत्येक कागद मोठ्याने वाचणार आहे, आणि अंगठ्याला शाई लावण्यापूर्वी थोडे थांबणार आहे, म्हणजे कोणाला काही विचारायचे असेल तर विचारता येईल.